चुगलखोर अवजार आणि दिवेवाला

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिला पाय फुटलेली एक पेटी दिसली.

चांगली ट्रंकेएवढी लोखंडी पेटी, आपली आपण एकेक पायरी वर चढत होती. पेटीवर छत्री, पेटीखाली दोन ओलेचिंब पाय. बाहेर तिरका पाऊस लागला होता. छत्रीची मूठ मानेत अडकवून कोणीतरी ती पेटी ठणठणीत कोरडी आणली होती. माणूस मात्र दोरीवर वाळत घालावा इतका भिजला होता.

"जरा वाट देता का?" पेटीमागून आवाज आला. "आणि मुकादम कितव्या मजल्यावर राहतात?"

"काय काम आहे?"

"भांडायचंय."

"भांडायला एवढं ओझं घेऊन?"

"भांडण ह्याच्यावरूनच आहे! म्हातारा भलताच खडूस दिसतो हो. मी पानभर लिहून पाठवलं, तर उत्तर काय? ‘निर्णय झालेला आहे.’ बस. मिशीवाला असणार, पैज लावतो."

तिने ओठ दाताखाली दाबला. "चला, सोडते तुम्हाला."

वर नेलं, दार उघडलं, टॉवेल हातात दिला, खुर्ची पुढे केली, समोर चहाचा कप ठेवला. त्याने केस पुसले, इकडेतिकडे पाहिलं. "मुकादम कुठायत?"

"तुमच्यासमोर," ती म्हणाली. "मिशी आजच काढली."

टॉवेल त्याच्या हातातून गळाला तो थेट चहाच्या कपात. स्वयंपाकघराच्या दारातून आत्याने हे पाहिलं आणि दुसरा कप काढला. आत्या भाचीकडे राहायला आल्यापासून या घरात पाहुणा म्हणून फक्त वायरमन आलेला होता.

मुकादम हे नाव तिला कामातल्या मंडळींनी ठेवलेलं. देशोदेशी पांगलेली ती माणसं आणि ती, सगळे मिळून संगणकातलं एक अवजार, म्हणजे इतर प्रोग्रॅमवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, सांभाळत. अवजार कसलं, पक्का चुगलखोर! कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो, वाचायची असो, नाहीतर नुसती डुलकी काढायची असो, संगणकाच्या कारभाऱ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, अर्ज करावाच लागतो. हे अवजार दाराआड उभं राहून प्रत्येक अर्ज टिपून घेतं. प्रोग्रॅम अडकला, की तो नेमका काय मागताना अडकला ते चव्हाट्यावर मांडतं. पंचाईत एवढीच, की प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची रीत वेगळी. एकाकडे पाच नंबरचा अर्ज म्हणजे ‘फाइल उघडा’, दुसऱ्याकडे पाच म्हणजे भलतंच काहीतरी. डझनभर सासरं एकाच सुनेने सांभाळावीत, तशी ती ही घराणी सांभाळत होती. त्यातलं सगळ्यात जुनं घराणं अवजाराच्या येत्या शुक्रवारी निघणाऱ्या नव्या आवृत्तीतून काढून टाकायचं तिने जाहीर केलं होतं. कारण साधं होतं... चाचणीला यंत्र नाही, सांभाळायला माणूस नाही.

"यंत्र हे घ्या, त्याच घराण्यातला संगणक," तो पेटीवर थाप मारत म्हणाला. "मी नाट्यगृहात दिव्यांचं बघतो. सगळे दिवे ह्याच्यावर चालतात, प्रोग्रॅम माझाच आहे. पण तिसऱ्या अंकात दिवे अडकतात. नायक-नायिका मिठीत, आणि वर भुताचा हिरवा प्रकाश! लोक खुर्चीतून पडेपर्यंत हसतात. शनिवारी पुन्हा खेळ आहे. मालक म्हणाले, परत हसले तर पेटी भंगारात. आता कुठे अडकतंय ते तुमच्या अवजाराशिवाय कोण सांगणार? आणि तुम्ही तर त्याचा गळाच घोटायला निघालात!"

"चालू करा," ती म्हणाली.

पेटी चालू झाली. तिच्या पंख्याचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे काका विमान बघायला गच्चीत गेले ते संध्याकाळपर्यंत आभाळाकडे तोंड करून उभे. उबही अशी, की आत्याने पेटीवर मोजे वाळवायला घातले आणि ते कडक इस्त्री होऊन निघाले.

अवजार लावलं. पण छे! प्रोग्रॅम फाइलीतल्या कितव्या जागेपासून वाचतोय, तिथे अब्जावधींचे अगडबंब आकडे.

"तुमचं अवजार थापा मारतंय," तो म्हणाला.

"तुमच्या पेटीच्या संगतीने बिघडलं असेल."

"म्हणजे... उद्या यावं लागेल?"

"पेटी राहू दे इथेच. तुम्ही या." मग घाईघाईने, "पेटीसाठी म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला घोळ सापडला. या घराण्यात मोठा आकडा एका कप्प्यात मावत नाही. त्याचे दोन तुकडे करून जोडीने बसवतात. जोडीला शेजारशेजारचे ठरावीक कप्पेच लागतात, म्हणून वेळ पडली तर आधीचा एक कप्पा रिकामा सोडतात. अवजार त्या रिकाम्या कप्प्यालाच पाहुणा समजून मोजत होतं, आणि पुढची सगळी पंगत एकेक घर सरकत होती. तिने चार ओळी बदलल्या. आकडे सुतासारखे सरळ!

दुपारी तो आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावर दिव्याने भाजल्याचा छोटासा डाग. "जमलं?"

तिने तोंड उघडलं... त्या डागाकडे पाहिलं... आणि म्हणाली, "अंहं. अवघड आहे."

मग काय, तो रोज येऊ लागला. रोज पेटीला नवं दुखणं. कधी दिव्यांची फाइल सापडेना, कधी प्रोग्रॅम उठेना. तो खाली वाकून तारा चाचपायचा, ती वाकून बघायची, मग दोघं एकदम सरळ व्हायचे आणि डोक्यावर डोकं आपटायचं. "लागलं?" "नाही. तुम्हाला?" — असं आळीपाळीने.

"अगं, पेटीला ताप आहे की घरातल्या आणखी कोणाला?" आत्याने विचारलं.

"आत्या!"

"मी आपलं विचारलं. औषध एकच लागेल ना."

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी आवृत्ती निघणार होती. दुपारी ती चहा टाकायला उठली, आणि जाताना अवजार चालू राहिलं. परत येऊन पडद्याकडे पाहते, तर... तिने ट्रे खाली ठेवला.

"अहो दिवेवाले, इकडे या. ही ओळ वाचा."

त्याने वाचली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कर्नलकडे अर्ज गेला होता: ‘दिवे’ या फाइलीचं नाव बदलून ‘उद्या’ ठेवावं. अर्ज मंजूर.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"टाइप करणारा?"

"शिकलेले असतात हल्ली..."

"रोज फाइल लपवायची, रोज मी हुडकायची. लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण पेशंट बरा झाला, की भेटायला यायचं कारण संप—" तो मधेच थांबला. पडद्याजवळ झुकला. "थांबा. ही वरची ओळ. वाचायची जागा बारा लाख? अब्जावधी कुठे गेले?"

"बारा लाखच आहे. तू एक शून्य जास्त टाकलंयस, म्हणून फाइल संपल्यावर पुढचं वाचायला बसतो तुझा प्रोग्रॅम आणि—"

तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"म्हणजे अवजार दुरुस्त आहे," तो सावकाश म्हणाला.

पेटीचा पंखा घोंघावत होता. तिने ट्रेमधले कप उगाच सरळ केले.

"कधीपासून?"

"...दुसऱ्या दिवसापासून."

"मुकादम! आणि लाज मी बाळगायची?"

"तू पेटी उचलून चालता झाला असतास!" ती फणकारली. मग खुर्चीत बसली. "उद्याही होशीलच. यंत्र मिळालं, दुरुस्ती झाली, पण सांभाळणारं माणूस नाही. नियम मीच केलाय. त्याच नियमाने दुसऱ्यांची घराणी काढलीत मी, ती माणसं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आता माझ्यासाठी तो मोडू कसा?"

"मोडू नकोस. माझं नाव घाल."

"सोपं वाटतंय? प्रत्येक आवृत्तीला सगळ्या चाचण्या. कर्नलने नवा अर्ज काढला, की आपल्या यादीतही त्याची भर घालायची. चुकलास तर चारचौघांत बोलणी खायची. माझी."

"त्याची सवय झालीये. किती वर्षं?"

"हे यंत्र बंद पडेपर्यंत."

"हे? हे आपल्या दोघांना पुरून उरेल."

ती कपाकडे बघत राहिली. "आपण... प्रोसेसरबद्दलच बोलतोय ना?"

"मी तिथूनच सुरुवात केली होती," तो म्हणाला. "पण आता मला तू हवी आहेस. प्रोसेसर असो नसो."

आतून आत्याचा आवाज आला, "तिला विचारून काही उपयोग नाही रे, तीन दिवस आरशासमोर कानातली बदलतेय. हो समज!"

ती हसली, तोंड लपवलं, आणि लपवलेल्या तोंडानेच मान हलवली.

त्याच रात्री त्याने प्रोग्रॅममधलं जास्तीचं शून्य पुसलं, आणि दिवे अडकायचे थांबले. शुक्रवारी आवृत्ती निघाली. जुनं घराणं शाबूत, आणि त्याच्यासमोर सांभाळणारा म्हणून दिवेवाल्याचं नाव. तासाभरात जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका सोबत्याचा तिरकस संदेश सगळ्यांसमोर येऊन पडला: ‘मुकादम, साऱ्या जगात हे वापरणारा एकच माणूस उरलाय. त्याच्यासाठी एवढा खटाटोप?’

दिवेवाला तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिने मागे हात नेऊन त्याचा हात घट्ट धरला, आणि उरलेल्या एका हाताने, हळूहळू, अक्षर अक्षर शोधत उत्तर टाइप केलं:

‘कालपर्यंत एकच होता. आता आम्ही दोघं आहोत.’