काजळी भुरीला विसरली तेव्हा

एकाच टोपलीत, एकमेकींच्या कुशीत तोंड खुपसून झोपणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी एका सकाळी अचानक वैरिणी का होतील? माझ्या लहानपणी, चंद्रावरच्या नीलकुंड वस्तीत, हे कोडे आम्हाला पडले होते.

तेव्हा वस्ती अगदी लहान होती. आजच्यासारख्या बागा नव्हत्या, तळे तर नव्हतेच. पाणी इतके जपून वापरायचे की आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणे. फक्त दिवाळीच्या पहाटे प्रत्येकाला बादलीभर ऊन पाणी मिळे. त्या बादलीची आम्ही वर्षभर वाट पाहत असू. तो पहिला तांब्या माझ्या पाठीला अजून आठवतो.

आमच्याकडे दोन मांजरी होत्या, भुरी आणि काजळी. त्या दिवाळीला बाबांनी स्वतःच्या बादलीतले थोडे पाणी राखले आणि चिमूटभर उटणे लावून भुरीला न्हाऊ घातले.

"वर्षाचा सण. तिनं तरी पारोसं का राहायचं?" बाबा म्हणाले. "काजळीबाई, पाणी संपलं. तुमचा नंबर पुढच्या वर्षी."

अंग वाळल्यावर भुरी टोपलीकडे गेली. तिला हुंगताच काजळीची शेपटी फुगली. पुढच्या क्षणी दोघींची जुंपली. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे त्या भांडत भांडत थेट छताला जाऊन आपटल्या. मी काजळीला उचलायला गेले, तर तिने माझे मनगट ओरबाडले. बाबांनी चप्पल उगारली, तशी ती आणखीच बिथरली आणि हवेच्या रबरी नळीवर पंजे रोवून बसली.

वस्तीचे व्यवस्थापक सोनटक्के काका नळीवरचे ओरखडे बघून गेले. "हा ओरखडा आरपार गेला असता तर?" ते शांतपणे म्हणाले. "महिनाअखेरीस यान पृथ्वीवर परत जातंय. तोवर ही निवळली नाही, तर तिला त्यात बसवावं लागेल."

"एकटीला?" मी विचारले.

"एकटीलाच, अबोली. इथली हवा सगळ्यांची आहे."

मी रडवेली होऊन दवाखान्याकडे निघाले. वाटेतल्या दारावर हुंग्या उभा होता. हुंग्या हा यंत्रमानव (माणसासारखी कामे करणारे यंत्र). हवेची गळती वासावरून शोधणे हे त्याचे काम. माणसेही तो वासानेच ओळखे आणि दार उघडे. आज मात्र त्याने मला अडवले.

"कोण आहे?"

"अरे, मी अबोली. रोज तर भेटतोस."

"वासावरून तू अबोली आहेस, तुझे बाबा आहेस आणि सोनटक्केही आहेस. आज अख्खी वस्ती मिळून एकच माणूस झाली आहे."

"उटणं आहे ते, ठोंब्या. दिवाळी आहे."

"असेल. आवाजावरून ओळखले, म्हणून जाऊ देतो."

मी दारातच थबकले. "हुंग्या, आणि मी बोललेच नसते तर?"

"तर परकी समजून घंटा वाजवली असती."

भुरी तर काही बोलली नव्हती. मी त्याला सकाळची सगळी हकिकत सांगितली.

"बरोबर आहे," हुंग्या म्हणाला. "मांजराच्या गालांवर आणि कपाळावर गंधग्रंथी (वास तयार करणारे बारीक अवयव) असतात. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना अंग घासतात. त्यातून सामाईक गंध (सगळ्यांचा मिळून एक वास) तयार होतो. तीच त्यांची ओळख. तुझ्या बाबांनी भुरीची ओळखच धुऊन टाकली."

"मग मला का ओरबाडलं? माझा आवाज तर तिला पाठ आहे."

"तो वळलेला राग (एकावरचा राग भलत्यावर निघणे). ती भ्यालेली होती आणि तुझा हात मध्ये आला. भ्यालेल्याला चप्पल दाखवली की भीती दुप्पट होते. हे बाबांना सांग. माझे नाव सांगू नकोस."

मी बाबांना सगळे समजावले आणि त्या दिवसापासून दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवले. काजळीच्या खोलीत दिवा मंद, आवाज बंद. कोणी रागवायचे नाही, उचलायचे नाही. एक मऊ रुमाल मी काजळीच्या गालांवरून फिरवून भुरीच्या अंथरुणात ठेवी, भुरीचा काजळीच्या. पहिल्यांदा काजळी त्या रुमालावर फिस्कारली. मग नुसती बघू लागली. पुढे त्याच्यावर डोके टेकून झोपू लागली.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाच्या वाट्या आल्या. दाराआडचा वास आला की खाऊ मिळतो, हे दोघींना कळले. बाबांना घाई झाली आणि त्यांनी एकदा दार उघडले. काजळी गुरगुरली. आम्ही मुकाट्याने दार लावून पुन्हा रुमालापासून सुरुवात केली. त्यानंतर दाराऐवजी जाळी लावली.

यान निघायच्या सकाळी सोनटक्के काका पिंजरा घेऊन आले. "आत्ताच जाळी काढते," मी म्हणाले. "तुम्ही फक्त हलू नका."

भुरी पुढे आली. काजळीने तिचे नाक हुंगले, मान हुंगली. शेपटी फुगली नाही. मग तिने भुरीच्या गालाला आपला गाल घासला आणि तिचा कान चाटायला घेतला, जणू मध्ये काही घडलेच नव्हते.

"यानात एक जागा राखून ठेवलीय मी," सोनटक्के काका पुटपुटले. "आता तिथं कोणाला बसवू?"

"तुम्हीच जाऊन या," बाबा म्हणाले. "चिडचिड कमी होईल."

काका इतके हसले की मांजरींनी वळून पाहिले. यान काजळीशिवाय उडाले. मी खिडकीत उभी राहून, राज्य जिंकल्यासारखी, त्याला हात केला.

आता तुमच्या वयाची मुले मंगळावर निघाली आहेत, आणि त्याहून लांबही जातील. कधीतरी तिथे कोणी अनोळखी जीव तुमच्यावर गुरगुरेल. तेव्हा हात उगारू नका. जरा मागे सरका आणि त्याला कशाची भीती वाटली, ते शोधायला लागा.