दहा ते साडेदहाची आत्या

बॅग होती, पण ठमी नव्हती!

लॉन्ड्रीच्या काउंटरखाली, नेहमीच्या कोपऱ्यात निळी बॅग उभी होती, वर पाण्याची बाटली होती आणि पोरीचा मात्र कुठे पत्ता नव्हता. आत्यानं आधी सहज हाक मारली, मग दटावून मारली. अकरा वाजून गेले होते. साडेदहाला लेकीला न्यायला येणारा तिचा भाऊ अजून उगवलाच नव्हता, आणि कामाच्या घाईत हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

भाऊ-भावजय वेगळे होऊन दीड वर्ष झालं होतं. कोर्टाच्या कागदानं पोरीच्या सुट्टीचे आठवडे वाटून दिले होते, एक आईचा, एक बापाचा. पण एकमेकांचं तोंड पाहायची दोघांचीही तयारी नव्हती, म्हणून मधे आत्याचं दुकान. दहाला एकानं लेकीला दाराशी सोडायचं, साडेदहाला दुसऱ्यानं येऊन न्यायचं. मधला अर्धा तास आत्याचा! आई-वडिलांच्या मागे या धाकट्या भावाला लहानाचं मोठं करता करता तिचं लग्नाचं वय निघून गेलं होतं, आणि भावजय तरी कोण, तर एके काळी याच दुकानात तिच्या शेजारी उभी राहून इस्त्री करणारी तिची जिवाभावाची मैत्रीण. ते लग्न जुळवलं आत्यानं. मोडलं तेव्हा दोघांनीही तिला विचारलं, ताई, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणाली होती, मी पोरीच्या बाजूची.

म्हणायला सोपं असतं हो. वागायला गेलं की कळतं.

दोघांचे निरोप चिठ्ठीवर यायचे. डाग कुठे आहे, बटण कुठलं तुटलंय, हे लिहून लॉन्ड्रीत कपड्याला चिठ्ठी टाचतात ना, तशीच चिठ्ठी ठमीच्या बॅगेला टाचलेली असायची. दोघांच्याही वकिलांनी त्यांना बजावलं होतं की कामापुरतं लिहा, कारणं देत बसू नका. आणि आत्यानं स्वतःला शपथ घातली होती की यातली एकही चिठ्ठी उघडायची नाही. वाचलं की बाजू घ्यावीशी वाटते, आणि बाजू घेतली की एक घर तुटतं. दीड वर्षात तिनं ती शपथ मोडली नव्हती, आणि मनातल्या मनात तिला त्याचा केवढा अभिमान होता!

काल संध्याकाळी भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून परतताना एक चिठ्ठी ठेवून गेला होता, सकाळी पोरीच्या आईला दे म्हणून. आज दहाला भावजय आली, तिनं आपली चिठ्ठी बॅगेला टाचली, लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि डोळे लपवत दवाखान्यातल्या कामावर जायची बस गाठायला तशीच पळाली. आत्या वाफेच्या इस्त्रीत अडकलेली. तिनं भावाची चिठ्ठी ठमीच्या हातात कोंबली आणि पळ, आईला गाठ, म्हणून तिला पिटाळलं. ठमी गेली आणि परत आली. आई भेटली का, एवढं विचारायलासुद्धा आत्यानं मान वर केली नाही... हॉटेलच्या चादरी दुपारच्या आत द्यायच्या होत्या.

आता त्या दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर उघड्या पडल्या होत्या. शेजारी शेजारी, व्यवस्थित, जणू कुणी जुळवून पाहिल्यासारख्या. आणि ठमी आठ वर्षांची होती, तिला वाचता येत होतं!

आत्यानं शपथ मोडली. भावजयीच्या अक्षरात होतं, "सुट्टी संपेपर्यंत तिला तुमच्याकडेच ठेवा. मी न्यायला येणार नाही." भावाच्या अक्षरात होतं, "या खेपेला मी न्यायला येत नाही. तिला तिकडेच ठेव."

मागे कपडे वाळवायचं मोठं यंत्र धडधडत फिरत होतं. त्या आवाजानं एकाएकी आत्याच्या मनात असं काही आलं की ती ओरडत धावली, तिनं बटण दाबलं, दार उघडलं आणि आतल्या गरम चादरी दोन्ही हातांनी उपसून काढल्या... चादरीच होत्या. नुसत्या चादरी. तिनं तिथूनच दोघांनाही फोन लावला, दीड वर्षात पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी एकाच जागी बोलावलं.

अर्ध्या तासात दोघंही आले, आणि आल्या आल्या एकमेकांवर तुटून पडले. तू सोडून पळालीस, तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुला पोरीचं काही पडलेलं नाही... रस्त्यावरून आत्यानं तोवर दोनदा चक्कर मारली होती, शेजारच्या चारही दुकानांत विचारलं होतं. कुणीही पोरीला बाहेर पडताना पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे धरल्या.

"वाचा," ती म्हणाली. "तिनं वाचल्यात."

भावजयीनं वाचलं आणि पदरात तोंड खुपसलं. जायच्या दोन दिवस आधीपासून पोरगी बॅग भरून बसते, नीट जेवत नाही, म्हणजे तिचा जीव बापाकडे आहे, असं तिला वाटलं होतं; म्हणून काळजावर दगड ठेवून तिनं आपले आठवडे सोडले होते. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोरगी झोपेत आई आई करते, हे तो कुठल्या तोंडानं सांगणार होता? म्हणून त्यानंही आपले आठवडे सोडले होते! दोघांनीही लेकीसाठी आपला जीव उपटून दिला होता, आणि लेकीनं काय वाचलं, तर आपण कुणालाच नको आहोत.

"मी वाचलं असतं तर..." आत्या म्हणाली. आपल्या शहाणपणाची, आपल्या त्या कोरड्या निःपक्षपातीपणाची तिला शिसारी आली.

आणि तेवढ्यात तिचं लक्ष काउंटरवरच्या नंबरांच्या गुंडाळीकडे गेलं. कपड्यांना लावायचा सकाळचा शेवटचा नंबर तीनशे अकरा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. तीनशे बारा फाडलेला होता. टाचण्यांची डबीही उघडी होती.

ती मागच्या खोलीकडे धावली. बॉयलरला लागून एक अंधारी, कोंदट खोली होती. लोक धुवायला टाकून विसरलेले कपडे आत्या तिथल्या फळ्यांवर ठेवायची, सहा महिने वाट पाहायची आणि मग ज्याला गरज असेल त्याला देऊन टाकायची. दार ओढलेलं होतं. आत भट्टीसारखा उकाडा होता. सगळ्यात खालच्या फळीवर, दोन गाठोड्यांच्या मधे, पाय पोटाशी घेऊन ठमी पडली होती. घामानं निथळलेली, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. फ्रॉकच्या खिशाला नंबर टाचलेला होता.

बापानं तिला उचललं, आईनं पाणी पाजलं, आत्यानं ओल्या पंच्यानं तोंड पुसलं. मग ठमीनं आत्याला हळूच विचारलं,

"आत्या, सहा महिन्यांनी तू मला कुणाला देणार?"

भाऊ ठमीला घेऊन तिथंच फरशीवर बसला, भावजय त्याच्या शेजारी बसली, आणि हुंदके देत दोघं तिला जे चिठ्ठीत लिहिलं नव्हतं ते सगळं सांगत राहिले. ते पुन्हा एका घरात येणार नव्हते. तेवढं मोडलेलं जुळत नसतं. पण भाऊ भावजयीला म्हणाला, "चल, आधी डॉक्टरांकडे नेऊ. दोघं जाऊ." आणि ती उठली.

दारात आत्यानं त्यांना थांबवलं. तिचा आवाज स्थिर होता, कसा ते तिचं तिलाच ठाऊक.

"आजपासून पोरगी माझ्या दुकानात सोडायची नाही. चिठ्ठी नाही, टाचणी नाही. एकमेकांच्या दारात जायचं, तोंडानं बोलायचं आणि तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मधे मी नको."

दोघांनी माना डोलावल्या. त्यांना त्या घडीला दुसरं काही सुचत नव्हतं. ठमीनं तेवढ्यात बापाच्या खांद्यावरून मान वळवली.

"मग मी तुझ्याकडे कधी यायचं?"

कोर्टाच्या कागदात आईचे आठवडे होते, बापाचे आठवडे होते. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. आत्या हसली, बॅग भावजयीच्या हातात दिली आणि उशीर होतोय, निघा म्हणाली.