तेकलेची मोठी अक्षरं

"तुमचा पाव नापास झालाय," मागून कुणीतरी म्हणालं.

तेकलेने वळून पाहिलं. कुताइसी शहरातल्या बाजारामागच्या भट्टीवर सकाळची रांग होती, भुरभुर पाऊस पडत होता, आणि तिच्या हातात भट्टीतून आत्ताच काढलेला, धरवत नाही इतका गरम पाव होता. हाताला लागेल त्या कागदात तिने तो गुंडाळला होता. तो कागद म्हणजे तिचा इंग्रजीचा निबंध... लाल शाईने नुसता माखलेला.

"दुसऱ्याचं वाचू नये, एवढं कुणी शिकवलं नाही वाटतं तुम्हाला."

"मीच शिकवतो. शाळेत, इंग्रजी." तो छत्री मिटायला बघत होता आणि ती मिटत नव्हती. "तशी यात चूक एकच आहे. फक्त ती पानभर केलीय. सगळीच अक्षरं लहान काढलीत तुम्ही."

"आमच्या लिपीत मोठं अक्षर नसतं—"

"आपल्या," तो म्हणाला. "मीही इथलाच की. आपल्या लिपीत थोरलं-धाकटं कुणी नाही, ठाऊक आहे मला. त्यांच्याकडे आहे, त्याला काय करणार?"

खरं म्हणजे तिने तिथूनच काढता पाय घ्यायचा. पण गरज तिची होती ना! तेकले जुन्या चर्चच्या भिंतींवरची चित्रं दुरुस्त करायची. उडालेल्या रंगांच्या संतांना हळूहळू माणसात आणायची. हे काम नीट शिकवणारी एक शाळा इंग्लंडात, यॉर्कला होती. तिथे वर्षभरासाठी जागाही मिळाली होती, पण लेखी इंग्रजीत गाडी अडली. हिवाळ्याच्या तोंडावर आणखी एकदा परीक्षेला बसता येणार होतं, आणि ते शेवटचं.

"शिकवाल मला?" ती विचारून बसली.

त्याने तिच्या पावाचं टोकदार नाक मोडलं, तोंडात टाकलं आणि म्हणाला, "झाली फी. मी बाद्री."

शिकवणी तेकलेच्या अंगणात, तेंदूसारख्या केशरी फळांनी लगडलेल्या झाडाखाली सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या आईला मात्र कळलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी उगाच उघडी असायची का?

"वाक्याचं पहिलं अक्षर मोठं," बाद्री सांगायचा. "माणसाचं नाव मोठं. गावाचं, नदीचं. वाराचं आणि महिन्याचंही."

"आणि ऋतूंचं?"

"ऋतू लहानच."

"का? वसंतानं यांचं काय घोडं मारलंय?"

"तिकडचा वसंत बघितला नाहीस, म्हणून विचारतेस."

"बरं. आई?"

"'माझी आई' म्हटलंस तर लहान. नावासारखी हाक मारलीस तर मोठं."

"आमच्याकडे तर लाडाने आईच मला 'आई' म्हणते. मग मोठं कुणाचं करू?"

तेवढ्यात खिडकीतून हाक आलीच, "अगं आई, मास्तरांना अक्रोड भरलेली वांगी दे, सुकून चाललेत बिचारे."

बाद्री हसला की मान खाली घालायचा. तेकले ती मान बघत राहायची, आणि मग वहीत भलतंच काही लिहून ठेवायची.

"आणि 'मी'?" तिने एकदा विचारलं.

"'मी' कायम मोठा. वाक्यात कुठेही बसू दे."

"आणि 'तू'?"

"'तू' लहान."

तेकलेने पेन खाली ठेवलं. "असल्या भाषेत माणसं प्रेम कशी करत असतील रे?"

बाद्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पुढचं वाक्य घे," तो म्हणाला... आणि पुढचं वाक्य त्याचं त्यालाच सापडेना.

तिला वाटायचं, आज बोलेल. उद्या तरी बोलेल. पण परीक्षा जवळ आली तसा तो जास्तच कडक झाला. चूक दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं तर चटका बसल्यासारखा मागे घ्यायचा. तेकलेचा जीव टांगणीला लागला. पास व्हावं असं वाटे, आणि पास झाले तर या अंगणातून उठावं लागेल म्हणून रडूही येई. एकाच मनात दोन्ही कसं मावतं, कुणास ठाऊक.

ती पास झाली. चांगली झाली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात निरोपाचं जेवण मांडलं, आत्या, काका सगळे जमले. मेजाचा म्होरक्या, म्हणजे कुणासाठी प्यायचं ते ठरवणारा, अर्थात तिचा बाप, ओतार. पेला उचलून तो दूर जाणाऱ्यांबद्दल भरभरून बोलला आणि म्हणाला, "अलावेर्दी बाद्री मास्तरांकडे."

अलावेर्दी मिळाली की सुटका नाही. म्होरक्याने सोडलेला धागा तुम्ही पुढे न्यायचा, आणि तुम्ही जे बोलाल त्यावर सगळ्या मेजाने उभं राहून प्यायचं.

बाद्री उठला. तेकलेने श्वास रोखला. आता... आता तरी.

"तेकले पास झाली," तो म्हणाला. "तिचे... स्वल्पविरामही आता बरे आहेत." मेज हसलं. "तिकडे थंडी फार असते. मोजे जास्त न्यावेत." पेला हातात, नजर ताटात. शेवटी त्याने घाईघाईने म्हटलं, "अलावेर्दी... तेकलेकडे."

"अहो मास्तर, जिच्यासाठी प्यायचं तिच्याच हाती?" आत्या कुजबुजली. "असं कुठे असतं?"

असं कुठेच नसतं. पण दिलेली अलावेर्दी परत घेता येत नाही. तेकलेच्या डोक्यात तिडीक गेली. जगाला वाक्यं शिकवणाऱ्या माणसाला हे एक वाक्य बोलता येऊ नये? ती उठली.

"मी वर्षासाठी चाललेय," ती म्हणाली. "परत येणार आहे ती आई-बाबांसाठी, आणि या माणसासाठी. माझं याच्यावर प्रेम आहे. त्याने माझी वाट बघावी, म्हणून हा पेला."

सगळे ओतारकडे बघत होते. तो लेकीकडे बघत सावकाश उभा राहिला.

"मेजाचा कायदा आहे, प्यावं तर लागणार," असं म्हणून त्याने पेला रिकामा केला. मागोमाग सगळे प्याले. "मास्तर, ज्याच्या नावाने प्यालो त्याने शेवटी बोलून प्यायचं असतं. एवढं तरी ठाऊक आहे ना?"

बाद्री पांढराफटक पडला होता. या वेळी मात्र त्याने नजर वर केली.

"तुझ्या शेवटच्या सरावात एक खोड राहिली होती," तो तिला म्हणाला. "तशीच राहू द्यावी, असं मनात आलं. नापास झालीस तर इथेच राहशील, म्हणून. दोन दिवस काही बोललो नाही."

"मग?"

"मग आलो आणि सांगितली तुला. फार जड गेलं. मला तू हवी आहेस, तेकले. पण हवं ते काम अर्ध्यावर सोडून आलेली नको. जा तू. मी वाट बघेन." आणि त्याने पेला एका दमात संपवला.

आईने ॲप्रनला डोळे पुसले. तेकले मेजाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली. काकांना सरकून जागा करून द्यावी लागली. तिने सगळ्यांदेखत त्याचा उजवा हात हातात घेतला. विमान उद्या सकाळचं होतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. जेवण संपेपर्यंत बाद्री डाव्या हाताने जेवला.