भिंतीपलीकडचा बाप

तात्यांची काठी जिन्यावर वाजली मात्र, रखमाने पदराने कपाळावरचं कुंकू खसकन पुसलं, काळी पोत चोळीत कोंबली आणि जेवत बसलेल्या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं... आणि गुणाजी, तो देवमाणूस, हातातला घास ताटात टाकून मुकाट्याने शेजारच्या गंगुबाईच्या खोलीत निघून गेला!

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. गिरगावातल्या चार सद्गृहस्थांनी गरीब मुलांसाठी फंड काढला होता; तात्या त्यांतलेच एक. शाळेची फी, पुस्तकं, अडलं तर संध्याकाळची शिकवणी, सगळं फुकट... पण मूल बिनबापाचं हवं! गुणाजी परळच्या गिरणीत मर मर राबायचा, तरी त्या पगारात दोन वेळची चूल पेटली तरी खूप, शाळा कुठली? तेव्हा तोच म्हणाला होता, "पूस कुंकू. घोव मेलो म्हणान सांग. पण पोरगो शिकाक होयो." आणि तिने, त्या करंटीने, ते सांगितलं! तेव्हापासून चाळीत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं की तिचा पाय उंबऱ्यातच अडायचा. देवाला हात जोडतानासुद्धा लाजेने तिची मान वर होत नसे.

आज तात्या हसतच आत आले. "बाई, तुमचा आनंदा मॅट्रिक झाला! आता फंड त्याला कॉलेजात धाडणार." मग त्यांनी शेजारी उभ्या आनंदाच्या पाठीवर हात ठेवला. "आज याचे वडील असते तर..."

भिंतीपलीकडून दाबलेला हुंदका ऐकू आला. आनंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आहेत!" तो ओरडला. "माझे बाबा आहेत, तात्या! शेजारच्या खोलीत उष्ट्या हाताने बसलेत!"

रखमाने तात्यांचे पाय धरले. "पाप माझां, तात्यानू! पोराक बोलू नका!"

गुणाजी धावतच आला. "काय केलंस रे ह्यां?" त्याने पोराला गदगदा हलवलं. "तीन वर्सां मी मेलंय, तां सगळां फुकट घालवलंस!" आणि त्याच पोराला कवटाळून तो ढसाढसा रडू लागला.

तात्या संतापाने थरथरत दारापर्यंत गेले. वळून पाहतात तो रखमाचं ते अर्धवट पुसलेलं, लाल फरकाटलेलं कपाळ... ते परत आले आणि मटकन खाली बसले.

"खोटं ते खोटंच," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "पण असला नियम आम्ही केलाच कसा? बाप राबूनही ज्याला पुरत नाही, त्याचं मूल आमच्या ध्यानातच आलं नाही! बाई, मला तुमच्याकडे बघवत नाही हो... फंडात मी सांगेन, काय बोलणी खायची ती खाईन. याची फी आता माझ्याकडे."

तात्यांनी डोळे पुसले.

"उद्या कॉलेजात नाव घालायचंय, गुणाजीराव. मुलाबरोबर वडील लागतात."

गुणाजीने एकदा रखमाकडे, एकदा पोराकडे पाहिलं.

"मी येव?" तो घाबरत घाबरत म्हणाला. "मी इलंय तर... चलात?"