डावीकडचा ब्रेक

तुम्हाला पटो वा न पटो, मी ऐकलंय ते सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. भर सकाळची आहे.

माझी मावशी शिवणकाम करते. थापा मारणं तिच्या स्वभावात नाही.

काका ड्रायव्हिंग क्लास चालवायचे. मागच्या हिवाळ्यात एका मुलीला शिकवत असताना डाव्या सीटवरच त्यांना अटॅक आला. त्यांनी आधी ब्रेक दाबून गाडी थांबवली. मग मान टाकली.

ती मुलगी वाचली. मावशीचं घर मात्र कोसळलं.

लेकीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. तिला न्यायचं काम आता मावशीवर आलं. माझ्या मामाच्या गाडीवर शिकून तिने लायसन्स काढलं आणि एका बुधवारी सकाळी साडेसहाला काकांची गाडी बाहेर काढली.

ही गाडी वेगळीच. इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर सुरू. आत दोन-दोन आरसे. रिव्हर्स काही केल्या पडेना. आणि डाव्या सीटपुढेही शिकवणाऱ्यासाठी क्लच अन् ब्रेक.

लेक मागे बसली. पुढची सीट तिला बघवत नव्हती.

"आई, हळू घे."

"याहून हळू म्हणजे ढकलत न्यावी लागेल, बाई."

चौकात मावशी इंडिकेटर शोधत खाली बघत होती. तेवढ्यात...

गाडी करकचून थांबली.

समोरून ट्रक गेला. मावशीचा पाय ब्रेकवर नव्हताच.

तिने डावीकडे पाहिलं. तिथला ब्रेक... पूर्ण आत गेलेला.

मग तो हळूहळू वर आला.

दोन आठवड्यांत असं तीनदा झालं. मावशी पार धसकली. ब्रेक असा मनाने लागला आणि मागून कुणी धडकलं तर? मागे लेक बसते.

"क्लास बंद झालाय ना? मग काढूनच टाकू," मेकॅनिक म्हणाला. त्याने दोन्हीकडचे पेडल जोडणारी दांडी कापली, डावीकडचे क्लच-ब्रेक काढले आणि कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले.

शुक्रवारी वळणावर एक सायकलवाला आडवा आला. मावशीने ब्रेक मारला, पण जरा उशिराच. आणि डावीकडून...

धप.

मोकळ्या फ्लोअरवर टाच आपटल्यासारखा आवाज.

धप. धप.

सायकलवाला थोडक्यात वाचला. मावशीने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

"ते आपल्याला सांभाळत होते गं. आणि मी त्यांचा ब्रेकच काढून टाकला."

 लेकीनेही तो आवाज ऐकला होता.

कापलेली दांडी पुन्हा जुळेना. मेकॅनिकने हात टेकले.

आता मावशी फार जपून चालवते. लोक हॉर्न मारतात, शिव्या घालतात. तिला त्याचं काही नाही. तिला फक्त तो आवाज ऐकायचा नसतो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते, मागे लेकीशेजारी. सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या किंचित पुढे गेली.

धप.

 मावशीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाली,

"दाबला हो मी. दाबला. थांबलीय गाडी."

गाडी खरंच थांबली होती.

आवाज येतच राहिला...