कोमल बे

सोमवारी सकाळी वाद्यवृंदात ओबो वाजवणाऱ्या त्यार्क बेरेन्ड्सने वाद्याची फुंकायची पत्ती भिजवली, ती नेमकी फेमकेच्या चहात.

"अहो! चहा आहे तो माझा!"

"मला पाणी वाटलं..." पत्ती ओठांत तशीच धरून तो म्हणाला, "पण पुदिना बरा लागतोय."

जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या नाट्यगृहात चौथ्या मजल्यावर फेमकेची खोली होती. ती हॉलंडमधून आलेली. नव्या सिंफनीची स्वरलिपी संगणकावर उतरवायची आणि प्रत्येक वादकाची पानं छापायची, हे तिचं काम. ऐंशीच्या घरातल्या लूकेनबाईंनी ती रचना केली होती, आणि शेवटच्या दुरुस्त्या त्यांनी फोनवरून सांगितल्या होत्या. गुरुवारी त्यांच्यासमोर पहिली तालीम. फेमकेची उमेदवारीही त्याच दिवशी संपत होती. पानं चोख निघाली तर नोकरी पक्की, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

त्यार्क आला होता आपल्या पानातली एक चूक दाखवायला. त्याने तो सूर हलकेच गुणगुणला. "हा कोमल हवा. तू शुद्ध लिहिलायस."

बोट चुकलं असेल, म्हणून तिने तो सुधारला. मंगळवारी तो पुन्हा आला, आणखी एक चूक घेऊन. बुधवारीही तेच.

"काय रे, माझ्या चुकांवरच जगतोस का तू?"

"चुका लाघवी असल्या की..." तो वाक्य अर्धंच सोडून खिडकीवरचा पाऊस बघत राहिला. फेमकेला हसू आवरेना. आता जिन्यात पावलं वाजली की तिचं कामातलं लक्ष उडू लागलं होतं.

गुरुवारी सव्वानऊला तो आला. "आणखी एक. इथे बे हवाय."

"बेच तर आहे!"

"नाही गं. हा 'हा' आहे."

फेमकेने पान जवळ ओढलं. तिच्या भाषेत बे हा सूर म्हणजे शुद्ध, कोमल असेल तर बेस. जर्मनांचा बे मात्र मुळात कोमल, आणि शुद्धाला ते म्हणतात हा. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फोनवर लूकेनबाई 'बे' म्हणाल्या, तेव्हा कान डचच राहिले.

"अजून किती आहेत अशा?"

त्यार्कने खिशातून घडी घातलेला कागद काढला. सहा चुकांची यादी होती. वर तारीख सोमवारची.

"तुला सगळं माहीत होतं?"

"रोज एक दाखवली, तर रोज वर येता येईल... असं वाटलं."

"तुम्ही," फेमके म्हणाली. त्या 'तुम्ही'ने त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला खेळ सुचला! चूक फक्त तुमच्या पानावर नाहीये. व्हायोलिन, बासऱ्या, सगळीकडे आहे! दहाला तालीम आहे."

सगळे शुद्ध एकदम बदलणं शक्य नव्हतं. काही खरोखरच शुद्ध होते. फोनवरच्या दुरुस्त्या टिपलेली वही तिने त्याच्यापुढे आपटली. तो वाचू लागला, "बासरी, बारावं घर... बे." दोन उभ्या रेघांमधलं ते घर गाठून तिने खालचा बाण दाबला. स्वर अर्धी पायरी उतरला. मग पुढचा. दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती. तिला त्याचा राग आला होता, आणि तो शेजारी आहे याचा आधारही वाटत होता, याचा तिला जास्तच राग येत होता.

पावणेदहाला पानं छापली जात असतानाच दारात वाद्यवृंदाचे संचालक वीखमान उभे राहिले. "फ्राउ हुकस्त्रा, छपाई आत्ता?" त्यांनी फेमकेला विचारलं.

"माझ्यामुळे," त्यार्क म्हणाला. "चुका मला सोमवारीच दिसल्या. मी लपवल्या."

"कशासाठी?"

त्यार्कचे कान लाल झाले. "वर यायला कारण हवं होतं... हिला भेटायला."

"चुका मुळात माझ्याच," फेमके घाईने म्हणाली.

वीखमानांनी घड्याळ पाहिलं. "आधी पानं आणा. बाकीचं नंतर."

ते गेले. त्यार्क गठ्ठे उचलून खाली पळाला. ओबोचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. फेमकेने छापायच्या आधी त्यात चार शब्द घातले आणि ते स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवलं.

तालमीत ती मागच्या रांगेत बसली. शेवटच्या पानावर ओबोला बावीस घरं विश्रांती होती, पुढे एकट्याचा सूर. त्यार्क पानावर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. विसावं घर... एकविसावं... वीखमानांचा हात उठला. 'अरे, वाजव!' फेमके मनात म्हणाली.

अगदी ऐनवेळी त्याने ओबो ओठांना लावला. बे उमटला, कोमल, किंचित थरथरता. लूकेनबाईंनी डोळे मिटून मान डोलावली.

तालीम संपल्यावर वीखमान तिच्यापाशी थांबले. "पुढच्या दुरुस्त्या फोनवर नाही, लेखी घ्यायच्या. सोमवारपासून."

सोमवारपासून! फेमके धावतच वर गेली. मागोमाग जिन्यात पावलं वाजली. त्यार्क दारात उभा होता, यादीशिवाय, हातात फक्त ते शेवटचं पान. विश्रांतीच्या बावीस घरांवर बारीक अक्षरांत छापलं होतं –

'चूक नाही. तरी ये.'