बाळ आणायला गेलेली आई

चाकूरजवळच्या त्या गावात उन्हाळ्याच्या दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. पण आपल्या तान्ह्या लेकीच्या नावची खाऊची पाकिटं न्यायला शिल्पा त्या दिवशी अंगणवाडीत गेली. तिथल्या सेविका कमरुन्निसाबाईंनी पाकिटं दिली अन् तिचा हात धरूनच ठेवला.

"शिवांशला सांगितलंस का गं?"

शिल्पानं मान खाली घातली. तीन महिन्यांमागं तिची थोरली जाऊ उज्वला बाळंतपणाला लातूरला गेली, ती परत आली नाही. पोटातलं लेकरूही गेलं. उज्वलाला मसणात अग्नी दिला. बाळाला मात्र रीतीप्रमाणं वेगळं, ओढ्याच्या काठी पुरलं. पाच वर्षांच्या शिवांशला सासूनं, केवळाबाईनं, सांगितलं की आई बाळ आणायला गेली. बाप सुदर्शन तर बोलायचाच बंद झालेला. लेकरू जेवेना, झोपेना. शेवटी शिल्पा रोज दिवेलागणीला गोठ्यामागं जायची, सासूच्या मोबाइलवर फोन लावायची आणि उज्वलाच्या आवाजात बोलायची. जेवलास का राजा? येते हं लवकर. तेवढ्यावर ते दोन घास खायचं.

"लेकरू हाय ते, वेडं न्हाई," बाई म्हणाल्या. "खोटी आई देऊन दुःख हटत नसतंय. जवळ घे, खरं सांग, रडू दे त्याला. तूबी रड."

"आत्याबाई घराबाहेर काढतील मला."

"काढू दे. माझ्याकडं ये, पाकिटं मोजायला माणूस पाहिजेच हाय. पण आजच सांग."

वाटभर शिल्पा शब्द जुळवत होती. खरं कळल्यावर लेकरू परत अन्न सोडील. आपल्या जवळसुद्धा यायचं नाही. मग त्याला कोण?

घर सामसूम होतं. केवळाबाई ओसरीवर घोरत होती. आतून शिवांशचा आवाज आला, कुणाच्या कानात बोलल्यासारखा. कोपऱ्यात बसून त्यानं आजीचा मोबाइल कानाला लावला होता. खोलीत ओल्या राखेचा वास भरला होता.

शिल्पाचा फोन तिच्या स्वतःच्या मुठीत होता.

"हाव... हाव... ठेवू?" म्हणत त्यानं फोन खाली ठेवला.

खेळत असेल, असं स्वतःला सांगत शिल्पा त्याच्यापुढं बसली. "शिवा, तुझी आई आता येणार न्हाई रे. मेली ती. फोनवर मीच बोलायचे. मला माफ कर, राजा."

तो रडला नाही. उलट त्यानंच तिच्या गालावर हात ठेवला.

"ठाऊक हाय. तू सांजच्याला बोलतीस, काकू. आई दुपारी बोलती."

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. शिल्पानं गालावरचा त्याचा हात धरला.

"काय... काय म्हणती?"

"रोज एकच विचारती. बाळ कुठं ठेवलं? लई हुडकायली. सापडंना म्हणती."

शिल्पाच्या डोळ्यापुढं ओढ्याचा काठ आला.

"मग तू... काय सांगितलंस?"

"बाळ तर हितंच हाय की," शिवांश म्हणाला. "पाळण्यात."

शिल्पा उठली, अडखळली, पाळण्याशी पोचली. तान्ही होती. जागी होती. शिल्पानं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, पदराखाली घेतलं. सकाळपासून पाजलं नव्हतं. एरवी या वेळेला पोरगी रडून घर डोक्यावर घ्यायची. आज तिनं तोंड फिरवलं. शिल्पानं परत लावलं. तिनं परत फिरवलं.

"आत्याबाई! लेकराला काय पाजलंत?"

"मी कशाला पाजू?" ओसरीवरून झोपेतला आवाज आला. "उठलेच न्हाई मी. अन् रडली तरी कुठं ती?"

शिल्पानं तान्हीच्या पोटावर हात ठेवला. तट्ट भरलेलं. ओठांच्या कडेला दुधाचा ओघळ होता. तिनं बोटानं पुसला. ताजं दूध होतं, आणि विहिरीच्या तळातल्या पाण्यासारखं गार.